नाव न घेता केलेली प्रार्थना

४ मार्च

प्रिय ताई,

खोकं पोचलं. उघडलं, बंद केलं, घोटभर पाणी प्यायले आणि पुन्हा उघडलं. म्हटलं माझंच काही चुकत असेल. नाही चुकत. आत उशांचे अभ्रेच आहेत.

मी काय मागितलं होतं? रक्तदाब मोजायचं मशीन आणि हातमोजे. तू तुमच्या प्रार्थना मंडळात वाचून दाखवलंस, सगळ्यांनी माना डोलावल्या, असं तूच कळवलंस. आणि आलं काय, तर भरतकाम केलेले अभ्रे, प्रत्येकावर 'देव तुझ्या उशाशी आहे'. असेल गं बाई, माझी काही हरकत नाही. पण परीक्षा घ्यायला येणाऱ्या बाई मुलींना रक्तदाब मोजून दाखवा म्हणतील, तेव्हा मुलींनी काय अभ्रा दाखवायचा?

फोनवर तुझ्याशी नीट भांडता येत नाही. तू 'हॅलो, हॅलो, आवाज येत नाही' म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून लिहितेय. ही मेल सुनेकडून उघडून घेऊ नकोस, स्वतः उघड.

तुमच्या छापील पत्रकात 'महिला व युवा सबलीकरण केंद्र' असं ठळक अक्षरात असतं ना, ते केंद्र म्हणजे प्रार्थनाघराच्या मागची एक लांबट खोली. एक खिडकी उघडत नाही, दुसरी मिटत नाही. एक फळा, पाठ दुखेल अशा खुर्च्या, आणि कोपऱ्यात लोखंडी पलंगावर आमचे 'आजोबा'. आजोबा म्हणजे रुग्णसेवा शिकवायचा रबरी पुतळा. कुशीवर वळवले की त्यांचा डावा हात खांद्यातून निघून येतो. बायका आधी किंचाळतात, मग हसतात, मग 'सॉरी आजोबा' म्हणत हात परत बसवतात. जन्मभर वॉर्डात नर्स म्हणून राबले, पण इतका सोशिक पेशंट पाहिला नाही.

येणाऱ्या बहुतेक आपल्याकडूनच या परक्या देशात आलेल्या. कुणी नवऱ्यामागे आलेली, कुणी घरकामाला आणलेली, कुणी 'शिकवतो' म्हणून आणून राबवलेली. त्या पोरं निजवून, कामं उरकून धावतपळत येतात. म्हणून आमची प्रार्थना दोन मिनिटांची. अध्यक्षबाईंना ती अर्धा तास हवी असेल तर त्यांनी इथे येऊन पोरं सांभाळावीत.

आणि ते मेळाव्यासाठी 'अनुभव' पाठव म्हणून मागे लागू नकोस. आधी किती अंधार होता आणि मंडळाने कसा दिवा लावला, असंच हवंय ना? मी विचारलं बायकांना. आमची शिवणवाली म्हणाली, "आधी माझं बरं चाललं होतं, आता तुमच्या परीक्षेच्या धसक्याने झोप उडालीय." लिहून पाठवू?

आता खरं सांगायचं ते. आमच्याकडे एक विशीतली मुलगी आहे. चालते अशी की सगळ्या तिला तुरतुरी म्हणतात. काका-काकूंनी कॉलेजात घालतो म्हणून आणली आणि कॉलेजचा दरवाजासुद्धा दाखवला नाही. काकांचं दुकान आहे. घरचं सगळं आणि जुळी पोरं हिच्या गळ्यात. प्रार्थनेला जाते म्हटलं तर बाहेर सोडतात, म्हणून ती आमच्याकडे पोचली. इतकी तयार झालीय, ताई, की तिला वृद्धांच्या सेवेच्या शाळेत जागा मिळालीय, राहायची सोयसुद्धा तिथेच. एक एप्रिलला हजर व्हायचं. फक्त पासपोर्ट काकांच्या कपाटात आहे. ती जायच्या आदल्या दिवशी तो काढून घेणार आणि निघणार. तिचाच पासपोर्ट, पण चोरासारखा काढायचा!

हे फक्त तुझ्यासाठी, ताई. मंडळासाठी नाही. मला भीती वाटतेय आणि ती एकटीने पेलवत नाही म्हणून सांगतेय. तुझ्या सकाळच्या प्रार्थनेत तिला आठव. बास.

तुझी,
धाकटी


९ मार्च

प्रिय धाकटे,

स्वतः उघडली हो मेल. चष्मा लावून, अंगठा दुखेपर्यंत वरखाली करून वाचली. आणि वाचून वाटलं, हिला पत्र लिहायला बसवतं कोण आणि चिडायला शिकवतं कोण! ते अभ्रे भरताना इथे बायकांचे डोळे गेले. माझे धरून. अध्यक्षबाई म्हणाल्या, मशीन काय कुणीही देईल, अभ्रे आपणच देऊ शकतो. मला त्या वेळी पटलं होतं. आता तू म्हणतेस तर मशीनचं बघते.

गुडघे तसेच आहेत. सून बरी आहे. तुझ्या भाच्याला बढती मिळाली, त्याने तुला कळवलं नसेलच.

आता तू रागावशील, पण आधी पूर्ण वाच. तू 'फक्त तुझ्यासाठी' लिहिलंस ते मी पाहिलं. दोन सकाळी एकटीने प्रार्थनाही केली. पण मन खायला लागलं गं. एवढी परक्या देशातली पोर, एवढा मोठा प्रसंग, आणि तो माझ्या एकटीच्या भरवशावर? माझं असं किती वजन आहे देवाकडे? उद्या काही बरंवाईट झालं तर मी स्वतःला काय तोंड दाखवू? म्हणून गुरुवारी सभेत विनंती मांडली.

थांब, पुढे वाच. नाव घेतलं नाही! गावाचं नाही, काकांचं नाही, पोरीचं तर मलाच माहीत नाही. फक्त 'एक मुलगी' म्हटलं. आता आपल्या मंडळाची रीत तुला माहीत आहे, तिथे मोघम चालत नाही. अध्यक्षबाई म्हणतात, मोघम मागणं म्हणजे दुकानात जाऊन 'काहीतरी द्या' म्हणणं. विनंती नेमकी हवी, म्हणजे प्रत्येकीला एकेक भाग वाटून घेता येतो. म्हणून थोडं नेमकं सांगावं लागलं. काकांकडे राहते, काकांचं दुकान आहे, जुळी सांभाळते, पासपोर्ट कपाटात आहे, एक तारखेला म्हाताऱ्यांच्या सेवेच्या शाळेत जायचंय. एवढंच. त्याबाहेर एक शब्द नाही.

धाकटे, सगळ्या लगेच पुढे सरसावल्या. दोघींनी पासपोर्ट घेतला, तिघींनी काकांचं मन घेतलं, मी शाळा घेतली. एक नवीन बाई यायला लागल्यात, जाड चष्म्याच्या, त्यांना तर रडू आवरेना. चहाच्या वेळी मुद्दाम माझ्याजवळ येऊन बसल्या. जुळी केवढी आहेत, मुलगे की मुली, आवर्जून विचारत होत्या. किती जीव बघ माणसाला परक्या पोरीबद्दल! मी म्हटलं, नक्की माहीत नाही, पण लहान असणार, सगळं हिलाच करावं लागतं.

तेव्हा तू निर्धास्त राहा. आता मी एकटी नाही, सगळं मंडळ तिच्या पाठीशी आहे.

तुझी,
ताई


१० मार्च

ताई,

तू काय केलंस हे तुला कळलंय का?

'फक्त तुझ्यासाठी' याचा अर्थ काय होतो गं? तुझ्यासाठी, तुझ्या सुनेसाठी, अध्यक्षबाईंसाठी आणि चहाला आलेल्या सगळ्यांसाठी, असा होतो का? नाव घेतलं नाही म्हणे. अगं, नाव सोडून सगळं सांगितलंस! दुकान, जुळी, कपाट, तारीख. आता नावाची गरज कुणाला उरली? मला कुणी एवढं सांगितलं असतं तर मी जाऊन दारावरची बेल वाजवली असती.

तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि तरी तुला सांगितलं.

देवावर माझाही विश्वास आहे. पण देवाला पत्ता लागत नाही, ताई. पत्ता माणसांना लागतो.

त्या चष्म्याच्या बाई कोण? त्यांचं इकडे कोण आहे? लगेच कळव. आणि कृपा करून विचारपूस करायला जाऊ नकोस, फक्त माहीत असेल तेवढं कळव.

धाकटी


१२ मार्च

प्रिय धाकटे,

अगं, किती ते तोंड! मी मोठी आहे तुझ्यापेक्षा, एवढं तरी ध्यानात ठेव. तुझी भाषा वाचून मी पाणीसुद्धा न पिता बसून राहिले. सुनेने विचारलं, काय झालं. मी काही सांगितलं नाही. बघ, मी गप्प बसू शकते.

जगात जुळी काय एकाच घरात आहेत? दुकानदार काय एकच आहे? तू वॉर्डात राहून राहून सगळीकडे रोगच बघतेस. मंडळातल्या बायका चांगल्या घरच्या आहेत. बाबांच्या आजारपणात याच बायका आळीपाळीने आपल्याकडे येऊन बसायच्या, विसरलीस? तेव्हा तुला त्यांचं बोलणं नडलं नाही.

आणि त्या चष्म्याच्या बाईंबद्दल म्हणशील, तर अत्यंत सज्जन. मला फार माहिती नाही. त्यांची लेक तिकडेच कुठेतरी असते एवढं बोलण्यात आलं होतं. पण तिकडे म्हणजे केवढं मोठं आहे!

तुझी,
ताई

ता. क. जावयाचं काय आहे ते विचारलं नव्हतं. आता आठवतंय, 'दुकानामुळे त्यांना इकडे यायला सवड होत नाही' असं काहीतरी म्हणाल्या होत्या. पण ते कुणीही म्हणेल.


१९ मार्च

ताई,

कुणीही म्हणेल, नाही का?

ती त्यांचीच लेक. तुरतुरीची काकू म्हणजे तुमच्या चष्म्याच्या बाईंची मुलगी. त्या डोळे पुसत होत्या ना, ते पोरीसाठी नव्हतं. आपली लेक आणि जावई सगळ्या सभेपुढे उघडे पडले म्हणून होतं. घरी जाऊन त्यांनी फोन लावला असणार.

तुरतुरी आलेली नाही. पहिल्या दिवशी वाटलं पोरं आजारी असतील. मग काकूंचाच फोन आला केंद्रावर. आवाज कसा मऊ! "आमच्या मुलीसाठी तिकडे प्रार्थना चालल्यात, आई सांगत होती. आम्हाला सांगितलं असतंत तर आम्हीपण बसलो असतो." पुढे म्हणाल्या, तिचं लग्न जमवायचं ठरलंय, महिनाअखेरीला परत पाठवतोय, तुम्ही काळजी करू नका.

शिवणवालीने त्यांच्या दुकानात जाऊन उगाच कापड बघितल्यासारखं केलं. तुरतुरी मागच्या बाजूला खोकी लावत होती. बोलता आलं नाही. पासपोर्ट कपाटातून काढून काका आता अंगावर बाळगतात, एवढं तिने खुणेने दाखवलं. आपल्या छातीवर थोपटून. आणि मग शिवणवालीकडे पाठ केली.

मी वर्गात गेले आणि मला शिकवता येईना. तुरतुरी आजोबांना नाडी नाहीये हे माहीत असूनसुद्धा त्यांचं मनगट चाचपायची, आणि म्हणायची, "आज जरा बरी वाटतेय, मॅडम." तिने माझ्यावर भरवसा टाकला होता, ताई. मला इतका राग आलाय की तुझ्या नावाने हाक मारून रडावंसं वाटतं, आणि तुझ्याच नावाने हाक मारावी लागते याचा आणखी राग येतो.

आता एक ऐक, हात जोडते. काही करू नकोस. कुणाकडे जाऊ नकोस, कुणाला फोन करू नकोस, कुणाची समजूत घालू नकोस. तू काही केलं नाहीस तर तेवढीच मदत होईल.

धाकटी


२२ मार्च

प्रिय धाकटे,

माझं चुकलं. हे वाक्य आधी लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तू मेल बंद करशील.

तुझी मेल वाचली. मी त्या बाईंना जुळ्यांबद्दल सांगत होते आणि त्या स्वतःच्याच नातवंडांची चौकशी करत होत्या! मला किती मूर्खात काढलं असेल मनातल्या मनात. आणि मी त्यांना बिस्किटं पुढे करत होते, घ्या ना, घ्या ना, म्हणून.

तू म्हणालीस काही करू नकोस. पण धाकटे, मी बिघडवलं ते मी निस्तरायला नको? मी गेले त्यांच्याकडे. अगदी नमतं घेऊन गेले. म्हटलं, माझ्या हातून आगाऊपणा झाला, पण त्याची शिक्षा पोरीला नको. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. उंबऱ्यातच म्हणाल्या, "आमच्या जावयाने तिला पोटच्या पोरीसारखं ठेवलंय." मी म्हटलं, मग पोटच्या पोरीला कॉलेजात का घातलं नाही? आता हे बोलायला नको होतं, मला कळतंय. पण तोंडून गेलं. दार लावून घेतलं त्यांनी.

मग अध्यक्षबाईंना सगळं सांगितलं. त्या फार गंभीर झाल्या. म्हणाल्या, यापुढे अशा नाजूक विनंत्या मूकपणे करायच्या. म्हणून या गुरुवारी मूक प्रार्थना ठेवली. कुणी एक अक्षर बोललं नाही. फक्त सुरुवातीला अध्यक्षबाईंनी कारण सांगितलं, की मागच्या वेळी मोठ्याने केली ती बाहेर गेली, मुलीचा पासपोर्ट जावईबापूंनी काढून घेतला, म्हणून आज मनातल्या मनात करू या. चष्म्याच्या बाई उठून गेल्या.

त्यानंतर सगळ्यांना कळलं कोणाचा जावई ते. मी सांगितलं नाही हं.

आता तूच सांग, काय करू? मला रात्रंदिवस ती पोर दिसते. मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही.

ताई


२३ मार्च

ताई,

कारण सांगून मूक प्रार्थना! मी हे वाचून खुर्चीतच हसत सुटले. शिवणवाली घाबरली, तिने पाणी आणलं. आता हसू येणं चांगलं लक्षण नाही, असं ती म्हणाली.

मी तुझ्यापुढे हात टेकले. अध्यक्षबाईंपुढेही टेकले. तुम्ही सगळ्या मिळून एकदा माझ्यासाठी प्रार्थना करा, की मला सहनशक्ती मिळो. मोठ्याने करा, नेमकी करा, माझं नाव घालून करा.

आता मला लिहू नकोस. काही झालं तर मी कळवीन.

धाकटी


१ एप्रिल

प्रिय धाकटे,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून इतके दिवस नाही लिहिलं. गेल्या गुरुवारी सभेलाही गेले नाही. सर्दी झाली म्हणून कळवलं. सर्दी झालेली नाही.

पण काल चष्म्याच्या बाईंचा फोन आला. इतक्या ओरडत होत्या की मी फोन कानापासून लांब धरला आणि सुनेलाही सगळं ऐकू गेलं. म्हणाल्या, तुमच्या बहिणीने गुंड बायका जमवून आमच्या जावयाला कोंडून ठेवलं, त्या मुलीने त्याच्या अंगावर झेप घेतली, शर्ट फाडला, पासपोर्ट हिसकावून पळाली. त्याचा रक्तदाब वाढलाय म्हणे. मी विचारलं, कशावर मोजला? तर फोन आपटला.

हे खरं आहे का? तू कोंडलंस माणसाला? तुझ्यावर केस तर होणार नाही ना? आणि ती पोर कुठे आहे? आज एक तारीख. शाळेत पोचली का? बाकी काही सांगू नकोस हवं तर, पण एवढं तरी कळव. मी खरंच कुणाला सांगणार नाही.

ताई


५ एप्रिल

प्रिय ताई,

झेप वगैरे काही नाही. शर्टही शाबूत. दार उघडं होतं, आमचं दार मुळात लागतच नाही, पावसापाण्याचं फुगलंय. ऐक काय झालं ते.

तुमच्या मूक प्रार्थनेचा एक परिणाम झाला. तिथून बायकांनी इकडच्या आपापल्या माणसांना फोन केले आणि काकांच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं काकांकडे बघायला लागली. काका घाबरले. त्यांना वाटलं, मुलीने सगळ्यांसमोर सांगावं की मी माझ्या खुशीने परत चाललेय, म्हणजे तोंडं बंद होतील. म्हणून तिकीट काढून ते थेट तिला घेऊन केंद्रावर आले. भर वर्ग चालू होता. पासपोर्ट आणि तिकीट शर्टाच्या खिशात, टोक वर आलेलं. सगळ्यांना दिसत होतं.

मी काय केलं सांगू? मी त्यांना खुर्ची दिली. चहा आणायला सांगितला. तुरतुरीला म्हटलं, "तू बस, मी बोलते." आणि बोलायला लागले. किती गोड बोलले, ताई, तू ऐकायला हवं होतंस, अगदी तुझ्यासारखी. काका, तुमचं मन मोठं आहे, काका, तुम्ही तिला मुलीसारखं सांभाळलंत. काका चहा पीत होते आणि मान हलवत होते, आणि मला वाटत होतं, जमतंय. तुरतुरी उभीच होती.

आमच्याकडे रुग्णसेवेत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून घोटून घेतो. माणसाला हात लावण्याआधी, आपण काय करणार ते त्याला स्पष्ट सांगायचं. 'आजोबा, आता मी तुम्हाला कुशीवर वळवते आहे.' परवानगीसाठी म्हणून नाही, त्याने दचकू नये म्हणून. आवाज शांत ठेवायचा आणि सांगितलं की लगेच करायचं, घुटमळायचं नाही.

ती काकांसमोर आली आणि त्याच आवाजात म्हणाली, "काका, आता मी तुमच्या खिशातून माझा पासपोर्ट काढते आहे."

आणि काढला. दोन बोटांनी. तिकीट खिशात तसंच राहू दिलं. काका दचकलेसुद्धा नाहीत, कप हातात धरून बघत राहिले. मग काका उठले आणि ओरडायला लागले, तेव्हा बायका नुसत्या आपापल्या जागी उभ्या राहिल्या. कुणी अडवलं नाही, पण खुर्च्या इतक्या दाटीने मांडलेल्या असतात की त्यांना वाट काढता येईना. याला तुमच्या बाई कोंडणं म्हणतात. तुरतुरी तोवर गल्लीच्या टोकाला पोचली होती. तिची चाल तुला सांगितलीच आहे.

मी चहाची किटली घेऊन उभी होते. मी काही केलं नाही. तूही काही केलं नाहीस. आपण दोघींनी मिळून जे केलं ते फक्त निस्तरायला तिला एवढं करावं लागलं.

आता तुझ्या प्रश्नाचं. एक तारखेला ती शाळेत पोचली नाही. मी दिवसभर शाळेला फोन करत होते. संध्याकाळी तिथल्या बाई म्हणाल्या, तिने स्वतः कळवून जागा सोडली. ती शाळा आता काकांना माहीत, काकूंना माहीत, तुमच्या सगळ्या मंडळाला माहीत. तिथे कशी जाणार? ती जागा तिने स्वतःच्या जिवावर मिळवली होती, ताई. ती गेली.

काल दुपारी वर्ग सुटल्यावर आली. तिचं प्रमाणपत्र माझ्याकडे होतं, ते न्यायला. बरी दिसत होती, केस कापलेत. म्हणाली दुसरीकडे सोय झालीय, कामही आहे, शिकायलाही मिळेल. मी म्हटलं, कुठे? तर नुसती हसली. मी म्हटलं, अगं, गावात की बाहेर, एवढं तरी सांग, माझा जीव टांगणीला लागतो.

"नाही सांगणार, मॅडम. तुम्हाला वाईट वाटेल, पण नाही."

मी म्हटलं, मी काय कुणाला सांगणार आहे?

ती म्हणाली, "मी सगळ्या जगात फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

रागाने नाही म्हणाली. राग असता तर ते मला इतकं वर्मी लागलं नसतं. महिनाभर मी तुझ्या नावाने बोटं मोडली, तुला नाही नाही ते लिहिलं, आणि माझ्या हे डोक्यातच आलं नाही. तिने कुठे तुला सांगितलं होतं? तिने मला सांगितलं होतं. तुला मी सांगितलं.

मी म्हटलं, "चुकलं माझं. आता शपथ घेऊन सांगते, कुणाला म्हणजे कुणालाही सांगणार नाही."

"तुमच्या ताईंनापण नाही?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, ताई, आणि मला वेळ लागला. फार नाही, थोडासाच. तेवढ्यात तिने पिशवी खांद्याला लावली, मला वाकून नमस्कार केला आणि गेली.

तुझी,
धाकटी